अठराव्या मिनिटाला जाणारा आवाज

कम्प्युटर दुरुस्त करणारी बाई म्हणजे स्क्रू ड्रायव्हर घेऊन सीपीयू उघडणारी, असं लोकांना वाटतं. सीपीयू मी आठवड्यातून एकदा उघडत असेन. बाकीचा वेळ माझा ऐकण्यात जातो. 'काल चालत होता, आज बंद आहे, आणि आम्ही काहीच केलं नाही' हे वाक्य मी चोवीस वर्षं ऐकते आहे. त्यातला शेवटचा भाग सहसा खरा नसतो, पण तसं तोंडावर म्हणायचं नसतं. चहा येईपर्यंत थांबलं की काय केलं ते आपोआप बाहेर येतं.

मी अंबरनाथ पूर्वेला राहते. एका क्लासमध्ये शिकवता शिकवता तिथली बिघडलेली मशीन मीच नीट करायला लागले, क्लास बंद पडला तेव्हा स्कूटर घेतली आणि घरोघरी जायला लागले. उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूरच्या पुढच्या गावांपर्यंत माझी गिऱ्हाइकं आहेत. व्हायरस, अडकलेला प्रिंटर, नातवाने घातलेला आणि मग विसरलेला पासवर्ड, ही रोजची कामं. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मला सांगायचंय ते नेटवर लागलेला आवाज घरच्या कम्प्युटरवर उतरवून घेण्याबद्दल. हे काम दिसायला इतकं सोपं आहे की त्यात सगळे फसतात. मीही फसले.

आधी ते काम समजावून सांगते. कम्प्युटरवर कुठला तरी कार्यक्रम लागलेला असतो. तो नंतर ऐकायला म्हणून तुम्ही रेकॉर्डिंगचं बटण दाबता. पण कम्प्युटर कुठला आवाज घेणार, हे तुम्ही त्याला सांगितलेलं नसतं. न सांगता तो माइकमधून घेतो. म्हणजे स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज खोलीत फिरून माइकपर्यंत येतो तेवढाच त्याला मिळतो, आणि त्याच्यासोबत पंखा, कुकरची शिट्टी, दारावरची बेल, सगळं. सेटिंगमध्ये आत जाऊन 'माइकमधून नको, आतून वाजतंय तेच घे' असं सांगावं लागतं. बऱ्याच मशीनमध्ये ती सोय असते, पण बंद करून ठेवलेली असते.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एक सिंधी गृहस्थ आहेत, कापडाचं दुकान आता मुलं बघतात. मी त्यांना दादा म्हणते. ते रोज सकाळी नेटवर सत्संग लावायचे आणि रेकॉर्ड करायचे. एक दिवस त्यांचा फोन आला. "ज्योती बेटी, गुरुजी के बीच में मेरी घरवाली बोल रही है."

मी गेले, ऐकलं. प्रवचन लांबून कुठून तरी येत होतं, आणि अगदी जवळून त्यांच्या पत्नी बहिणीशी फोनवर बोलत होत्या. विषय दादा होते. त्यांचं जेवण, त्यांचा हट्ट, दुकानात न जाताही दुकानाची चालवलेली काळजी. पन्नास मिनिटं. मी सेटिंग बदलून दिलं आणि पुढच्या दिवसापासून नुसतं प्रवचन उतरायला लागलं. जाताना मी विचारलं, "दादा, वो पुराना वाला मिटा दूँ?" ते म्हणाले, "रहने दे. उसमें भी सीखने का है."

हा अनुभव गाठीशी असताना खरवईच्या वेळी मी आळस केला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बदलापूरजवळच्या खरवईला संगीता म्हणून एक बाई राहते. माहेर जुन्नरकडचं, सासर इथलं आगरी. सासऱ्यांच्या शेतावर इमारत उभी राहिली आणि तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर यांना दोन घरं मिळाली. संगीता बालवाडीत शिकवते. तिच्या सासूबाई हिराबाई या एके काळी पंचक्रोशीतल्या नावाजलेल्या धवलारीण. आगरी लग्नात ब्राह्मणाच्या आधी मान असतो तो धवलारणीचा. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ती म्हणते, त्याला धवळे म्हणतात. देवांना लग्नाचं बोलावणंसुद्धा तीच गाऊन करते. हे कुठे लिहिलेलं नसतं. सगळं तोंडपाठ, एकीकडून दुसरीकडे.

सोळा वर्षांपूर्वी हिराबाईंच्या घशाची मोठी शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून त्या कुजबुजल्यासारखं बोलतात. कान त्यांच्या तोंडाजवळ न्यावा लागतो. गाणं तर संपलंच. संगीताने वहीत काही धवळे उतरवून घेतले होते, पण चालीचं काय करणार.

अशात तिला कळलं, की आपल्या भागातल्या काही हौशी लोकांनी चालवलेल्या इंटरनेट रेडिओवर हिराबाईंचे धवळे लागणार आहेत. चिखलोलीच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामाने टेप लावून ठेवला होता, त्या कॅसेट निघाल्या होत्या. एक तास एका रविवारी दुपारी, दुसरा तास पुढच्या रविवारी. जो भाग रविवारी लागेल तोच पुन्हा गुरुवारी. बस. मामा कॅसेट घराबाहेर द्यायला तयार नव्हते, रेडिओवाले त्यांच्या घरी जाऊन तिथूनच लावणार होते, आणि जुने कार्यक्रम साठवून ठेवायची त्यांची सोयच नव्हती. म्हणजे लागेल तेव्हा ज्याने उतरवलं त्याचंच.

संगीताने मला शनिवारी फोन केला. माझ्या मागे बदलापूरच्या एका सोसायटीच्या ऑफिसचं काम होतं. मी फोनवरच सांगितलं, "रेकॉर्डर उघडायचा, लाल बटण दाबायचं. होईल." माइकचं बोलायचं राहिलं. चोवीस वर्षांत हजार वेळा सांगितलेली गोष्ट नेमकी तेव्हा राहिली.

रविवारी संध्याकाळी तिने मला ते फोनवर ऐकवलं. पंख्याची घरघर, खाली चाललेला काँक्रीटचा मिक्सर, आणि त्याच्यामागे कुठे तरी दोन बायका गातायत एवढं कळत होतं. मी सोमवारी जाऊन सेटिंग करून आले, तपासून पाहिलं, आवाज आतून स्वच्छ उतरत होता. गुरुवारी संगीता रेकॉर्डिंग लावून बालवाडीत गेली. परत येऊन बघते तो अर्धा तासच उतरलेला. अर्धा तास कोणी माउसला हात लावला नाही म्हणून कम्प्युटर झोपला होता. हे झोपेचं सेटिंग मी सोमवारी बघायला हवं होतं. एकदा घाई नडली, दुसऱ्यांदा स्वतःवरचा विश्वास.

पहिल्या भागाचा शेवटचा अर्धा तास गेला तो गेलाच. रेडिओवाल्यांना संगीताने पुन्हा लावायची विनंती केली, तर ते म्हणाले, ती कॅसेट काढतानाच मामांच्या टेपमध्ये अडकून तुटली. मी हिराबाईंची माफी मागायला गेले. त्या खिडकीशी पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कुजबुजल्या, "तुझा काय चुकला? जाऊ दे. च्या पी."

मला ते बरं वाटलं, आणि थोडं विचित्रही. ज्या बाईचं सगळं आयुष्य त्या गाण्यात गेलं, तिला ते वाचवायची काही घाई दिसेना.

दुसऱ्या रविवारी मी स्वतः सकाळी जाऊन सगळं लावून दिलं. झोप बंद, स्क्रीन बंद होणं बंद, फोनचे आणि मेलचे टणटण आवाज बंद, वायर घट्ट. संगीताने वेळेवर बटण दाबलं, दहा मिनिटं ऐकलं आणि दळण आणायला खाली गेली. संध्याकाळी पुन्हा फोन. "ताई, अठरा मिनिटांनंतर आवाजच गेलाय. मग नऊ मिनिटांनी आपोआप आलाय."

आता मात्र मी चक्रावले. कम्प्युटर झोपला असता तर रेकॉर्डिंग थांबलं असतं. नेट गेलं असतं तर कार्यक्रम अडकत अडकत आला असता. इथे रेकॉर्डिंग सुरू होतं, कार्यक्रम सुरू होता, आणि मधली नऊ मिनिटं कोरी. असं एकाच गोष्टीने होतं. स्पीकरची पिन सीपीयूच्या मागून निघाली, की त्या मशीनला वाटतं आता ऐकणारं कोणी नाही, आणि ते आतला आवाजही बंद करतं. पिन परत बसली की सुरू. मी सोमवारी वायर बदलली, पिन हलवून पाहिली. भोकही ढिलं नव्हतं. मग अठराव्या मिनिटाला निघाली कशी आणि परत बसली कशी?

आता उरला होता फक्त गुरुवार. मी बाकीची कामं पुढे ढकलली आणि दुपारी तीनच्या आधी खरवईला जाऊन बसले. संगीता बालवाडीत होती. घरात हिराबाई आणि मी.

कार्यक्रम सुरू झाला. मी तो पहिल्यांदाच नीट ऐकत होते. हिराबाईंचा आवाज जाड, सरळ, कुठेही लाडीगोडी नसलेला. एक ओळ त्या म्हणायच्या आणि दुसरी एक बाई, पातळ आवाजाची, ती झेलून परत म्हणायची. समोर बसलेल्या हिराबाईंचे ओठ टेपबरोबर हलत होते. मी विचारलं, "मावशी, दुसरा आवाज कोणाचा?"

"सोनिवलीची यमुना," त्या म्हणाल्या.

सतराव्या मिनिटाला एक धवळा संपला. माणसांचा गलका ऐकू आला, कोणी तरी 'पाट मांडा' म्हणालं. हिराबाई उठल्या, टेबलाला धरून वाकल्या आणि सीपीयूच्या मागे हात घातला.

"मावशी, काय करताय?"

हात पिनेवरच राहिला. चोरी पकडल्यासारखा चेहरा नव्हता, कंटाळल्यासारखा होता. "ह्या नको आयकायला," त्या म्हणाल्या. "मना ठाव हाय पुढं काय ते."

स्पीकरवर पुढचा धवळा सुरू झालाच होता. वाद घालायला वेळ नव्हता. मी हात पुढे करून स्पीकरचं बटण शून्यावर आणलं. खोली शांत झाली.

"आता ऐकू येतंय?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"पण उतरतंय. हे बघा." मी स्क्रीनवर बोट ठेवलं. आवाज उतरत असतो तेव्हा तिथे त्याची रेघ उमटत जाते. आवाज मोठा असला की जाड, लहान असला की बारीक, काहीच नसलं तर सपाट सरळ. "तुम्हाला नको तर ऐकू नका. संगीता कधी तरी ऐकेल, नात ऐकेल. पिन तेवढी काढू नका."

हिराबाईंनी हात काढला. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि ती रेघ बघायला लागल्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही, पण दोन मिनिटांत त्यांना ती वाचता यायला लागली. जाड रेघ आली की म्हणायच्या, "ह्या मी." तिच्यामागून बारीक आली की, "ह्या ती." मनातल्या मनात म्हणत त्या गाणं बरोबर पकडून होत्या. मग त्या पुढे वाकल्या आणि थांबल्या. जाड रेघ एकदम विरलेल्या दोऱ्यासारखी झाली आणि सपाट झाली. सपाटच चालत राहिली. मग बारीक रेघ सुरू झाली आणि पुढे कितीतरी वेळ बारीकच.

"मधी ह्या काय हाय?"

"काही नाही, मावशी. तिथे आवाजच नाही. कोणीच गात नाहीये."

"कती वेल?"

मी मोजून सांगितलं, "पाच सेकंद. जरा जास्तच."

त्या तास पुरा होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. रेकॉर्डिंग थांबवून मी ते दोन ठिकाणी साठवून ठेवलं आणि उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. "तेवढाच लाव."

मी स्पीकरचा आवाज वाढवला आणि ती जागा लावली. देवांना बोलावणं करण्याचा धवळा होता. हिराबाई एकेका देवाचं नाव घेत चालल्या होत्या, आणि एका ओळीच्या मधोमध आवाज चिरकला आणि बंद झाला. मागे भांड्याचा आवाज, एका मुलाचं रडणं. माणसं वाट बघतायत हे कळत होतं. मग यमुनाबाईंनी, दबकत, हिराबाईंच्याच पट्टीत, सुटलेली ओळ उचलली. ती पुरी केली आणि थांबल्या. हिराबाईंना परत जागा दिली. हिराबाई आल्या नाहीत. मग यमुनाबाईंनी पुढची ओळ घेतली, पुन्हा थांबल्या. तीन वेळा त्या थांबल्या. चौथ्या वेळी थांबल्या नाहीत, शेवटपर्यंत म्हणून मोकळ्या झाल्या.

हिराबाईंनी ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मला सांगायला लागल्या. मला कान अगदी जवळ न्यावा लागला. सोळा वर्षं त्या धरून बसल्या होत्या, की त्या लग्नात भरमांडवात यमुनेने आपल्या तोंडातलं गाणं ओढून घेतलं. आपण दम घ्यायला थांबलो आणि तिने डाव साधला. त्यानंतर त्या यमुनाबाईंशी बोलल्या नाहीत. चार महिन्यांनी घशाचं निदान झालं, शस्त्रक्रिया झाली, यमुनाबाई दोनदा भेटायला आल्या तर यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"मना वाटला, मी दमच घेतला," त्या म्हणाल्या. "माझा गला तवाच गेलता."

मी त्यांना पाणी दिलं.

संगीता घरी आली तेव्हा सासूबाई नऊवारी बदलून तयार होत्या. तिला वाटलं दवाखान्यात न्यायचंय. मी सगळं सांगितल्यावर तिने रिक्षा बोलावली. पेन ड्राइव्ह माझ्याकडे होता आणि लॅपटॉप माझ्या पिशवीत कायमचाच असतो, म्हणून मलाही नेलं. मी स्कूटर तिथेच ठेवली.

सोनिवलीला यमुनाबाईंचं घर अजून बैठं आहे, आजूबाजूला टॉवर उठलेत. त्या ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. बारीक चणीची बाई, जाड भिंगाचा चष्मा. हिराबाई रिक्षातून उतरलेल्या त्यांनी पाहिल्या, सुपातला हात थांबला.

"आयलीस?" त्या म्हणाल्या. "बस."

एवढंच. पाणी आलं, चहा आला. दोघी एकमेकींच्या गुडघेदुखीची चौकशी करत होत्या. हिराबाईंचं कुजबुजणं मला शेजारी बसून ऐकू येत नव्हतं, यमुनाबाईंना पलीकडून सगळं कळत होतं. शेवटी हिराबाईंनी मला खूण केली. मी लॅपटॉप उघडून ती जागा लावली.

यमुनाबाईंनी चष्मा काढून, डोळे मिटून ऐकलं. संपल्यावर हिराबाईंनी नुसता त्यांच्या मनगटावर हात ठेवला. यमुनाबाई म्हणाल्या, "तुझा गला बसतो हाय, ह्या मना आधीच्या दोन हल्दींना कललेला. बोलायची हिंमत नाय झाली. तुला राग येल म्हनून."

"आला असता," हिराबाई म्हणाल्या. हे मला ऐकू आलं.

मग यमुनाबाईंच्या कपाळावर आठी पडली. "पोरी, परत लाव." मी लावलं. शेवटाकडे त्यांनी हात वर केला. "थांब. ह्या काय केला मी? गावदेवी ऱ्हायली. सगल्या देवांना बोलावला नि चिखलोलीच्या गावदेवीला बोलावलाच नाय."

हिराबाईंचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या, आवाज न येता. "मना तवाच ठाव व्हता," त्या म्हणाल्या. "अर्धा राग त्याचा व्हता."

"मंग मांडवातच सांगायचास ना."

"कशानी सांगू? गला कुठं व्हता?"

आता यमुनाबाईही हसायला लागल्या. मग चष्मा लावून, पदर सारखा करून त्या उठल्या. चिखलोली कुठल्या बाजूला येते ते त्यांनी संगीताला विचारलं. संगीताने टॉवरच्या पलीकडे हात दाखवला. यमुनाबाई तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हिराबाई भिंतीला धरून उठल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. हिराबाईंनी ओठांनी एक एक शब्द द्यायचा आणि यमुनाबाईंनी तो म्हणायचा, असं करत गावदेवीला लग्नाचं रीतसर बोलावणं झालं.

सोलायचे वाल तसेच पडले होते, म्हणून परत निघण्याआधी आम्ही चौघींनी बसून ते संपवले. त्या लग्नातल्या नवरा-नवरीची मुलगी यंदा दहावीला आहे, असं संगीता म्हणाली. यमुनाबाई म्हणाल्या, "असू दे. देवी उशिरा आली तरी जेवून जाते."